ऑईल घरी जरूर बदला, पण जळके ऑईल ओताल कुठे?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

चतुर्थी आटोपली, पाऊस ओसरू लागला की दसऱ्याच्या पूजेआधी गाडी नीटनेटकी करण्याची लगबग गोव्यात गावोगावी सुरू होते. हल्ली ऑईल आणि फिल्टर घरपोच मिळतात, हत्यारे बाजारात आहेत, त्यामुळे इंजिन ऑईल घरच्या शेडीतच बदलणारे वाढले आहेत. हे चांगलेच आहे. कोणते ऑईल घातले, किती घातले, फिल्टर खरोखर बदलला की नाही, हे मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. पण या कामातल्या चुका ठरलेल्या आहेत. त्यातली एक जिवावर बेतते, दोन-तीन इंजिनावर बेततात आणि एक शेजाऱ्याच्या विहिरीवर. त्यांविषयी सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र.

सर्वांत आधी चिऱ्याबद्दल, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्याबद्दल. आपल्याकडे अंगणात चार चिरे पडलेले असतातच आणि गाडी जॅकने उचलून चिऱ्यावर टेकवण्याची सवय सर्रास दिसते. ती ताबडतोब सोडावी. चिरा भिंतीत चांगला, कारण तिथे वजन त्याच्या पूर्ण अंगावर पसरते. गाडीच्या कडेची पट्टी मात्र दोन-तीन बोटांच्या जागेवर शेकडो किलोंचा भार टाकते. आतून भोके असलेला, पाऊस प्यायलेला चिरा अशा वेळी काहीही इशारा न देता फुटतो. नुसत्या जॅकवरही विसंबू नये. गाडीसोबत येणारा जॅक पंक्चर झालेले चाक बदलण्यापुरता असतो, आणि हायड्रॉलिक जॅकचे सील कधी दगा देईल सांगता येत नाही. दोन टनी जॅक स्टँडची, म्हणजे गाडी टेकवायच्या लोखंडी तिवईची, जोडी घ्यावी. ती कंपनीने पुस्तिकेत दाखवलेल्या जॅकिंग पॉइंटखाली लावावी, जमीन मातीची असेल तर तळाशी जाड प्लायवूड ठेवावे. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ओट (चाक अडवणारे ठोकळे) लावून हँडब्रेक ओढावा. पहिला गिअर टाकला म्हणजे गाडी हलणार नाही, हा समज इथे लागू पडत नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत गिअर पुढच्या चाकांना धरून ठेवतो आणि नेमकी तीच हवेत असतात. स्टँडवर गाडी उतरवल्यावर बाजूने दोन्ही हातांनी हलवून पाहावी, आणि मगच खाली शिरावे. उंच एसयूव्हीखाली न उचलताही हात पोहोचतो, तिथे हा खटाटोपच नको.

आता ऑईल कोणते घ्यावे. ‘आपल्याकडे उकाडा, म्हणून दाट ऑईल घाला’ असा सल्ला अजूनही दिला जातो. तो जुन्या इंजिनांच्या काळातला आहे. बाहेर 33 अंश असो वा 20, थर्मोस्टॅट इंजिनातले पाणी साधारण 90 अंशांच्या आसपास राखतो, ऑईलही त्याच टापूत तापते. डब्यावरच्या 0डब्ल्यू-20 किंवा 5डब्ल्यू-30 मधला डब्ल्यूच्या आधीचा आकडा गार इंजिन सुरू करतानाची प्रवाहिता सांगतो. नंतरचा आकडा 100 अंशांवरचा दाटपणा सांगतो. 20 म्हणजे 6.9 ते 9.3 सेंटिस्टोक (हे दाटपणाचे माप), 30 म्हणजे 9.3 ते 12.5, 40 म्हणजे 12.5 ते 16.3. मारुती, होंडा, टोयोटाच्या अलीकडच्या अनेक पेट्रोल इंजिनांना 0डब्ल्यू-20 सांगितलेले असते. त्यांच्या बेअरिंगमधली फट, व्हॉल्व्हची वेळ पुढे-मागे करणारी यंत्रणा आणि ऑईल पंप हे सगळे त्या पातळ ऑईलसाठीच आखलेले आहे. तिथे 20डब्ल्यू-50 ओतले तर सकाळी गाडी सुरू केल्यावर वरच्या कॅमशाफ्टपर्यंत ऑईल उशिरा पोहोचते आणि मायलेजही घटते. इंजिनाची सर्वाधिक झीज त्या पहिल्या काही क्षणांतच होते. उलट, जुन्या इंजिनाच्या पुस्तिकेत 20डब्ल्यू-40 लिहिले असेल, तर पातळ घालून काही साधत नाही. थोडक्यात, पुस्तिका उघडावी आणि तिथे लिहिलेलेच घ्यावे.

दाटपणाइतकाच दर्जाचा शिक्का महत्त्वाचा. पेट्रोल गाडीसाठी एपीआय (अमेरिकी पेट्रोलियम संस्था) एसपी हा 2020 साली आलेला दर्जा आहे. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत होणारे अवेळी ज्वलन आणि टायमिंग चेनची झीज रोखण्याच्या कसोट्या त्यात आहेत. डिझेल गाडी बीएस-6 असेल, म्हणजे धुरांड्यात काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असेल, तर कमी राखेचे ऑईल लागते. डब्यावर एसीईए (युरोपातल्या गाडी उत्पादकांची संघटना) सी2 किंवा सी3 असे लिहिलेले असते, आणि यातले नेमके कोणते, ते पुस्तिकेत असते. साधे डिझेल ऑईल घातले तर त्यातल्या रसायनांची राख डीपीएफमध्ये साचते. ती काजळीसारखी जळून जात नाही आणि शेवटी तो महागडा भागच बदलावा लागतो. आणखी एक. उरलेले अर्धा लिटर कारचे ऑईल घरातल्या मोटरसायकलमध्ये ओतू नका. तिचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या ऑईलमधली घर्षण कमी करणारी द्रव्ये त्याला घसरवतात. मोटरसायकलसाठी जासो एमए या जपानी शिक्क्याचे ऑईल असते.

मापही पुस्तिकेतूनच घ्यावे. छोट्या पेट्रोल गाड्यांना फिल्टरसह साधारण 3 ते 3.5 लिटर, मोठ्या डिझेल इंजिनांना 5 किंवा त्याहून जास्त लागते. पुस्तिकेत ‘फिल्टरसह’ आणि ‘फिल्टरशिवाय’ असे दोन आकडे असतात, फरक पाव लिटरच्या आसपास असतो. ऑईल बदलताना फिल्टर बदललाच पाहिजे, म्हणून पहिला आकडा धरावा. सोबत ड्रेन बोल्टचा (जुने ऑईल सोडायच्या तळाच्या बोल्टचा) नवा वॉशर घ्यावा. तो काही रुपयांना मिळतो आणि न घेतल्यास शेडीत आठवडाभर थेंब पडत राहतात.

इंजिन पाच-सात मिनिटे चालवून बंद करावे, मग दहा मिनिटे थांबावे. कोमट ऑईल सहज वाहते आणि तळाचा गाळ सोबत घेऊन येते, पण लांबून आलेल्या गाडीचे कढत ऑईल हातावर पडले तर कातडी सोलवटते. वरचे झाकण उघडून ठेवावे, डिपस्टिक (ऑईलची पातळी मोजायची पट्टी) थोडी ओढून ठेवावी, म्हणजे हवा आत जाते आणि ऑईल एका धारेत येते. खाली प्लॅस्टिकचे आवरण असेल तर त्याचे क्लिप पेचकसाने हलके उचलावेत. किनारपट्टीवरच्या गाड्यांत तिथले स्क्रू खाऱ्या हवेने गंजून जाम झालेले असतात. त्यांना आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला तर डोकी तुटत नाहीत.

आता सर्वांत महाग पडणारी चूक. गाडीखाली दोन ड्रेन बोल्ट असतात, एक इंजिनाच्या चेंबरचा (ऑईल साठते त्या तळाच्या भांड्याचा) आणि एक गिअरबॉक्सचा. घाईत गिअरबॉक्सचा बोल्ट उघडला जातो, ऑईल निघते, बोल्ट लावला जातो आणि वरून इंजिनात नवे साडेतीन लिटर ओतले जाते. आता इंजिनात दुप्पट ऑईल आणि गिअरबॉक्स कोरडा. अशी गाडी थोडी चालवली तरी दोन्ही बिघडतात. म्हणून बोल्टला पाना लावण्याआधी ऑईल फिल्टर कुठे आहे ते शोधावे. फिल्टर ज्या धडावर बसतो, त्याच धडाच्या तळाशी जो पातळ पत्र्याचा किंवा अॅल्युमिनियमचा चेंबर असतो, तो इंजिनाचा. निघालेले ऑईल लालसर किंवा अगदी स्वच्छ असेल, किंवा त्याला गंधकासारखा उग्र वास असेल, तर तिथेच हात थांबवा, तुम्ही गिअरबॉक्स उघडला आहे. इंजिनाचे वापरलेले ऑईल काळपट किंवा गडद तपकिरी असते. डिझेलचे तर बदलल्यावर शे-दोनशे किलोमीटरमध्येच काळे होते आणि तो दोष नव्हे. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे.

बोल्टला बहुतेक गाड्यांत 14 किंवा 17 नंबरचा रिंग पाना किंवा गोटी (सॉकेट) लागते. उघड्या तोंडाचा पाना वापरू नये, बोल्टचे कोपरे गोल होतात. खाली उताणे पडून पाहताना दिशा चुकते आणि बोल्ट सैल करण्याऐवजी घट्ट केला जातो. बोल्टचे डोके समोर धरून डावीकडे फिरवायचे, एवढे लक्षात ठेवावे. शेवटचे आटे हाताने सोडवताना बोल्ट वर दाबून धरावा आणि मग झटक्यात बाजूला घ्यावा, नाहीतर तो ऑईलसकट परातीत जातो. खाली 6 ते 8 लिटरची पसरट परात हवी, कारण सुरुवातीची धार तिरकी दूरवर पडते आणि नंतर जवळ येते. दहा-पंधरा मिनिटे निथळू द्यावे.

त्या वेळात परातीतल्या ऑईलकडे नीट पाहावे, हीच इंजिनाची तपासणी. उन्हात चमकणारी बारीक चंदेरी भुकटी दिसली तर बेअरिंग झिजत आहे. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी फार थोडे अंतर चालते किंवा इंजेक्टर गळतो आहे. दुधाळ कॉफीसारखे ऑईल असेल तर त्यात रेडिएटरचे पाणी मिसळले आहे, हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचे सील) तपासायलाच हवे. पण गोव्यात एक अपवाद नेहमी भेटतो. पावसाळ्यात रोज तीन-चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीच्या वरच्या झाकणाखाली पिवळट साय जमते. डिपस्टिकवरचे ऑईल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी उतरली नसेल, तर ती फक्त हवेतल्या दमटपणाची वाफ आहे. हेड उघडण्याच्या खर्चात पडण्याआधी गाडी तासभर महामार्गावर चालवून साय विरते का ते पाहावे.

बोल्ट परत लावताना नवा वॉशर घालून आधी बोटांनी पूर्ण फिरवावा. बोटांनी फिरत नसेल तर आटे तिरके बसले आहेत, काढून पुन्हा लावा. कस, म्हणजे आवळण्याचा जोर, साधारण 30 ते 40 न्यूटन-मीटर असतो. टॉर्क पाना नसेल तर हिशेब असा: वीतभर लांब पान्याच्या टोकाला सुमारे 17-18 किलोचा जोर म्हणजे जवळपास 35 न्यूटन-मीटर. लांब पाइप चढवून जोर लावला की अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे मरतात, आणि मग चेंबर बदलणे किंवा आटे नव्याने पाडणे एवढेच हाती उरते. गळतीच्या भीतीपोटी जास्त आवळणे हेच बहुतेक वेळा पुढच्या गळतीचे कारण ठरते.

फिल्टर काढताना वाटीसारखा बसणारा पाना किंवा पट्ट्याचा पाना घ्यावा. फिल्टरात पेचकस ठोकून फिरवणे हा शेवटचा उपाय. तसे करताना पत्रा फाटला तर पकडायला काही उरत नाही. फिल्टर निघाल्यावर त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत आली का, हे हात लावून तपासावे. जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला, तर गाडी सुरू होताच दोन रिंगांमधून ऑईलचा फवारा उडतो आणि मिनिटाभरात चेंबर रिकामा होतो. नव्या रिंगेला बोटाने नवे ऑईल लावावे. फिल्टर उभा बसत असेल तर तो अर्धा भरून लावावा. रिंग टेकल्यानंतर हाताने साधारण पाऊण फेरा, बस्स. पान्याने आवळू नये. कागदी कार्ट्रिजवाल्या फिल्टरात झाकणाची ओ-रिंग नवी घालायची आणि झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच कस द्यायचा. फिल्टर खात्रीच्या दुकानातूनच घ्यावा. फिल्टरात गाडी बंद असताना ऑईल अडवून ठेवणारी झडप असते. नकली फिल्टरात ती नसेल तर रोज सकाळी सुरुवातीला खडखडाट ऐकू येतो.

भरताना सगळे ऑईल एकदम ओतू नये. 3.5 लिटर सांगितले असेल तर आधी 3 लिटर ओतावे. झाकण लावून इंजिन सुरू करावे. ऑईलच्या कॅनच्या चिन्हाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास लगेच बंद करावे. मिनिटभर चालवून खाली वाकून बोल्ट आणि फिल्टर पाहावा, गाडी स्टँडवरून सपाट जमिनीवर उतरवावी, दहा मिनिटे थांबून डिपस्टिक पुसून मोजावे. पुढून उचललेल्या गाडीचे माप खोटे येते. दोन खुणांमधले अंतर बहुतेक छोट्या गाड्यांत पाऊण ते एक लिटरचे असते, त्या हिशेबाने थोडे थोडे भरत वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबावे. ‘थोडे जास्त झाले तर बरेच’ असे नव्हे. पातळी चढली की फिरणारा क्रँक ऑईल घुसळतो, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. डिझेल इंजिनात तर जादा ऑईल श्वासनळीतून आत ओढले जाऊन चावी बंद करूनही इंजिन भडकत राहण्याचा धोका असतो. डीपीएफच्या गाड्यांत पातळी महिन्यातून एकदा पाहावी, कारण काजळी जाळताना डिझेल ऑईलमध्ये उतरते आणि पातळी आपोआप वाढते.

फ्लशिंग ऑईल आणि बाटलीतली ‘इंजिनाची ताकद’ वाढवणारी द्रव्ये यांवर पैसे घालवू नयेत. वॉरंटीतल्या गाडीचे ऑईलही घरी बदलू नये. बाकीच्यांनी तारीख, किलोमीटर आणि ऑईलचा ग्रेड वहीत लिहावा, बिल जपावे.

किती दिवसांनी बदलायचे? अनेक पेट्रोल गाड्यांना 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, यातले जे आधी येईल ते, असे सांगितलेले असते. त्याच पुस्तिकेत ‘खडतर वापर’ असे एक पान असते, ते कोणी वाचत नाही. छोटे फेरे, धूळ, बराच वेळ जागीच सुरू असलेले इंजिन हे सगळे त्यात येते. गोव्यात हे सगळे एका दिवसात घडते. फेरी धक्क्यावर चोडण किंवा दिवाडीच्या रांगेत एसी लावून उभी राहिलेली गाडी किलोमीटर मोजत नाही, पण तिचे ऑईल तापत असते. डिचोली-सांगेच्या खाणपट्ट्यात लाल धूळ उडते, तिथे ऑईलसोबत एअर फिल्टरही झटकून चालत नाही, बदलावा लागतो. वर्षाला चार-पाच हजारच चालणाऱ्या गाडीला किलोमीटर पाहून नव्हे, महिने पाहून ऑईल बदलावे. आणि ते पावसाळ्यापूर्वी बदलण्याची जुनी पद्धत अशा गाडीला उलटी आहे. चार महिने आत साचलेले पाणी आणि आम्ल पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आतच राहते. पाऊस संपल्यावरची ही दसरा-दिवाळीची वेळ योग्य.

आता शीर्षकातला प्रश्न. परातीतले ते काळे तीन-चार लिटर कुठे जातात? गडग्यापलीकडच्या व्हाळात (ओढ्यात), माडाच्या मुळाशी, गटारात, नाहीतर वाळवी लागू नये म्हणून दारांच्या चौकटींना. सेंट्रिंगच्या फळ्यांनाही तेच फासले जाते. त्या ऑईलमध्ये झिजलेला धातू आणि जळताना तयार झालेली, कर्करोगाला कारण ठरणारी हायड्रोकार्बने असतात. ते हातमोज्यांशिवाय हाताळू नये, मग चौकटींना फासणे दूरच. आपली जमीन चिऱ्याची, भोकाभोकाची. अंगणात ओतलेले पहिल्या पावसात खाली उतरते, आणि त्याच जमिनीत दहा-पंधरा पावलांवर विहीर असते. व्हाळात टाकलेले कुळागरातून (माड-पोफळीच्या बागेतून), खाजनाच्या (खाडीकाठच्या शेताच्या) मानशीतून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, मांडवी-जुवारी नद्यांत जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या म्हणण्यानुसार एका वेळी बदललेले ऑईल 10 लाख गॅलन, म्हणजे सुमारे 38 लाख लिटर गोडे पाणी नासवू शकते.

घरी करण्यासारखे एवढे आहे. नव्या ऑईलच्या रिकाम्या कॅनमध्येच जुने भरावे, नरसाळे वापरावे, वर ‘जळके ऑईल’ असे लिहावे. त्यात पाणी, पेट्रोल, कूलंट किंवा ब्रेक ऑईल मिसळू नये, मिसळलेले पुन्हा शुद्ध करणे अवघड होते. फिल्टर तोंड खाली करून दिवसभर परातीवर निथळत ठेवावा. सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाकून झाडून घ्यावा, पाइपने धुऊ नये. उरलेल्या रिकाम्या कॅनला चाकूने छेद द्यावा, नाहीतर तोच कॅन नकली ऑईल भरून पुन्हा बाजारात येतो. भरलेला कॅन अशा गॅरेजला द्यावा, जे आपले जुने ऑईल परवानाधारक पुनर्शुद्धीकरण करणाऱ्याला देते. तसे स्पष्ट विचारावे, कारण सगळी गॅरेजे देत नाहीत.

पण प्रत्येकाला असे गॅरेज जवळ सापडत नाही, आणि इथेच सरकारकडे मागणी आहे. वापरलेले तेल घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत येते, आणि 1 एप्रिल 2024 पासून त्याबाबत उत्पादकांवर विस्तारित जबाबदारीही, म्हणजे वापरानंतरच्या ऑईलच्या विल्हेवाटीची जबाबदारी, आली आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी घरगुती घातक कचऱ्यासाठी शहरांत दर 20 चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र ठरवले होते. त्याच्या व्याख्येत रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, बॅटऱ्या नावाने होत्या, जळके ऑईल नव्हते. गोव्यात 191 पंचायती आहेत आणि अनेकांनी सुक्या कचऱ्यासाठी शेड उभारल्या आहेत. त्या शेडींत छपराखाली एक 200 लिटरचे झाकणाचे पिंप, त्याला जाळीचे नरसाळे, खाली गळती धरणारी लोखंडी ट्रे आणि फिल्टरसाठी वेगळा डबा, एवढेच हवे. दोनशे लिटर म्हणजे पन्नास-साठ गाड्यांचे ऑईल. गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळ यांनी परवानाधारक उचलणारा ठरवून द्यावा, पंचायतीने पिंप भरले की त्याला बोलवावे आणि उचलल्याची पावती नोंदवहीत लावावी. निदान तालुक्याला एक केंद्र येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू व्हावे, आणि त्याचा पत्ता पंचायतीच्या फलकावर लिहिला जावा.

आपला,
एक वाचक, फोंडा